जानुमर्म आणि मैदानावरची 'किरकोळ' दुखापत

पाऊस उघडून काळी जमीन सुकू लागली, की तेल्हारा तालुक्यात गावोगावी कबड्डीचे सामने सुरू होतात आणि पुढच्या आठवड्यापासून आमच्या चिकित्सालयात लंगडत येणाऱ्या तरुणांची संख्या वाढू लागते. अलीकडे त्यांत आणखी एका वर्गाची भर पडली आहे. पोलीस भरतीसाठी पहाटेच्या अंधारात हिवरखेड, आडसूळ, बेलखेडकडील डांबरी रस्त्यांवर धावणारी मुले-मुली आता वर्षभर दिसतात. भरतीत मुलांना सोळाशे आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते. मैदान नाही म्हणून रस्ता, आणि चांगले बूट नाहीत म्हणून मिळेल ती चप्पल किंवा अनवाणी पाय, अशी ही तयारी असते. खेळाडू असो की भरतीचा उमेदवार, तक्रार सांगताना दोघांचे शब्द मात्र ठरलेले असतात : "काही नाही जी, जरासा मुका मार आहे."

दहांपैकी आठ वेळा ते खरेही असते. हा लेख उरलेल्या दोघांसाठी आहे, आणि त्या आठांसाठीही आहे; कारण किरकोळ दुखापत आपल्याच हातून कशी वाढते, हे आम्ही आमच्या चुकीतून शिकलो आहोत.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. चढाई करून परतणाऱ्या एका अठरा वर्षांच्या तरुणाचा पाय जमिनीच्या भेगेत अडकला आणि त्याच क्षणी पकड करणाऱ्याने त्याला आडवे ओढले. 'कट्' असा आवाज त्याने स्वतः ऐकला. तासाभरात गुडघा भरून आला. सायंकाळी मित्रांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून आमच्याकडे आणले. लंगडत का होईना, चालता येत होते; हाड मोडल्याचे चिन्ह नव्हते. अभिघातजन्य वातप्रकोप असे निदान करून आम्ही कोमट महानारायण तेलाने चांगला अभ्यंग केला, निरगुडीच्या पाल्याचा नाडीस्वेद दिला आणि योगराज गुग्गुळ सुरू केला. रात्री ठणका इतका वाढला की त्याला झोप लागली नाही. आठवडाभराने सूज ओसरली, पंधराव्या दिवशी वेदना थांबली आणि आम्ही त्याला खेळण्याची परवानगी दिली. पुढच्याच सामन्यात, कोणी हातही लावला नसताना, नुसते वळताना गुडघा सटकला. अकोल्याला एमआरआय केला तेव्हा पुढचे क्रुशिएट लिगामेंट पूर्ण तुटलेले आणि आतल्या बाजूची गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली आढळली. अस्थिशल्यतज्ज्ञांचे मत असे पडले की, लिगामेंट पहिल्या दिवशीच तुटले असावे, गादी मात्र बहुधा दुसऱ्या वेळी फाटली. ती दुसरी वेळ आमच्या परवानगीने आली होती.

चोळण्याची घाई

गुडघा मुरगळला की तेल लावून चोळायचे, ही आपल्या वऱ्हाडातील जुनी रीत आहे आणि तिची मुळे आखाड्यात आहेत. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान आखाड्याचे पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथील पथकाने जर्मनीत कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. व्यायामाची एवढी मोठी परंपरा ज्या मुलखात आहे, तेथे गावोगावच्या तालमीत मालिशही नांदत आली. परंतु ती मालिश होती स्वस्थ मल्लाच्या थकलेल्या स्नायूंची. तोच हात, तोच जोर आणि तेच तेल ताज्या अभिघातावर वापरले की आतील सूक्ष्म रक्तस्राव थांबण्याऐवजी वाढतो. उस्तादाची ही चूक आपण पदवीधर वैद्यही करतो. फरक इतकाच की आपण तिला स्नेहन-स्वेदन म्हणतो.

शास्त्राने हे सांगितलेले नाही, असे मुळीच नाही. भग्नचिकित्सेत सुश्रुताचार्य न्यग्रोधादि गणाच्या शीत कषायाने परिषेक सांगतात. चक्रदत्ताने तर मोडल्याचे कळताच प्रथम थंड पाणी, मग चिखलाचा लेप आणि मग बंधन असा स्पष्ट क्रम दिला आहे. वेदना अधिक असता पंचमूलसिद्ध दूध किंवा कोमट तेलाची योजना आहेच. पण दाह, लाली व वाढती सूज असताना उष्ण उपचारांची घाई करू नये, हे त्या क्रमातूनच कळते. अग्निकर्माची आवड असणाऱ्या आमच्या मित्रांनी हेही स्मरावे की, ज्याच्या शरीरात रक्त साचले आहे तो अंतःशोणित रुग्ण सुश्रुतांनी अग्निकर्माला अयोग्य मानला आहे. रक्ताने भरलेल्या ताज्या गुडघ्याला हा निषेध लागू करावा, असे आम्हांस वाटते.

आधुनिक क्रीडावैद्यकाचाही बर्फावरील विश्वास अढळ राहिलेला नाही. अमेरिकेतील डॉ. गॅब मिर्किन यांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाब व पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री रूढ केली. पुढे त्यांनीच लिहिले की, बर्फ व पूर्ण विश्रांती यांनी भरून येण्यास विलंब होऊ शकतो. आमचा व्यवहार असा : पहिले दोन-तीन दिवस ठणका फार असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, फक्त वेदनेपुरता. बर्फ न मिळाल्यास माठातल्या पाण्याची घडी चालते. पाय उशीवर, हृदयाच्या पातळीहून वर. दशांग लेप गार पाण्यात कालवून लावावा व वाळू लागताच काढावा. आंबेहळद आणि रक्त्याबोळाचा लेप घरोघरी करतात, तो चांगलाच आहे; मात्र पहिल्या दिवशी तो कढत लावू नये.

बंधनाबद्दल दोन शब्द. व्रणबंधाच्या विवेचनात सांध्यांसाठी स्वस्तिक बंध सांगितला आहे आणि सांध्यावर तो शिथिल असावा असेही सांगितले आहे. क्रेप बँडेज गुडघ्याच्या खालून वर, आठच्या आकड्यासारखे, बोटे थंड वा निळी पडणार नाहीत इतकेच ताणून बांधावे व झोपताना सैल करावे. भग्नाचे बंधन थंडीत सात, साधारण ऋतूत पाच व उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलण्याचा नियम आपल्या भागात किती नेमका आहे, हे अकोला जिल्ह्याचा मे महिना अनुभवलेल्या वैद्यास सांगायला नको. घट्ट पट्टीखाली घामाने सोललेली कातडी आम्ही दरसाल पाहतो.

आणि बिबा! सातपुड्याच्या पायथ्याला आजही लचकलेल्या गुडघ्यावर बिब्याच्या तेलाचे ठिपके देतात. तीन दिवसांनी गुडघा बाजूला राहतो व फोडांची चिकित्सा करावी लागते. सूज सांध्याची आहे की बिब्याची, हेही मग नीट कळत नाही. दुखापतीच्या रुग्णाला 'बिबा लावला काय?' हा प्रश्न आम्ही नावगावाबरोबरच विचारतो.

हात लावण्यापूर्वी

सुश्रुतांनी जानु हे सांधिमर्म व वैकल्यकर मानले आणि त्याच्या आघाताने खंजता, म्हणजे लंगडेपण, येते असे सांगितले. त्याच्या वर तीन अंगुळांवर दोन्ही बाजूंस आणि नावाचे स्नायुमर्म आहे. त्याच्या आघाताने सूज वाढते व मांडी ताठते. या दोन मर्मांचा एकत्र विचार करणारा वैद्य गुडघा तपासताना मांडी विसरणार नाही. सांधिमुक्तांपैकी विश्लिष्टाचे वर्णनही पुन्हा वाचून पाहावे : सूज थोडी, वेदना सतत, आणि सांध्याच्या क्रियेत बिघाड. बाहेरून थोडके दिसणारे पण आतून सुटलेले असे गुडघे आम्हांस वारंवार भेटतात.

सर्वांत मोलाचा प्रश्न म्हणजे सूज केव्हा आली? दोन-तीन तासांच्या आत गुडघा भरला तर आत रक्त आहे असे समजावे. अशा गुडघ्यात लिगामेंट तुटण्याची शक्यता मोठी असते. सूज रात्रीतून किंवा दुसऱ्या दिवशी हळूहळू आली तर ती बहुधा सांध्यातील द्रवाची असते. दुसरा प्रश्न आवाजाचा. तिसरा, दुखापतीनंतर खेळ पुढे चालू ठेवता आला का? आमच्या त्या रुग्णाने या तिन्ही प्रश्नांची उत्तरे न विचारताच दिली होती. ती ऐकण्याची तयारी आमच्यापाशी नव्हती.

क्ष-किरण चित्र कोणाचे काढावे, यासाठी कॅनडातील ओटावा येथे १९९० च्या दशकात काही सोपे नियम तयार झाले. वय पंचावन्न वा अधिक, फक्त वाटीवर दाबदुखी, पायाच्या बाहेरील बारीक हाडाच्या टोकावर दाबदुखी, गुडघा काटकोनापर्यंत न वाकणे, आणि दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले न टाकता येणे, यांतील एकही असेल तर चित्र काढावे. यास कोणतेही उपकरण लागत नाही. लिगामेंटसाठी गुडघा वीस-तीस अंश वाकवून नडगी पुढे ओढण्याची लॅकमन परीक्षा प्रत्येक वैद्याने निरोगी गुडघ्यावर शंभर वेळा करून हात बसवावा. ओढ कोठे थांबते, हे दुसऱ्या गुडघ्याशी ताडून पाहावे. ताज्या, ताठ गुडघ्यात ती कळली नाही, तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावी. पुन्हा करावी, यावर आमचा जोर आहे. पहिल्या दिवशीचे निदान हे तात्पुरते असते.

गुडघा अडकून सरळ होत नसेल, वारंवार दगा देत असेल, वाटी सरकल्यासारखी दिसत असेल, तर रुग्णास अस्थितज्ज्ञांकडे पाठवण्यात कमीपणा नाही. ताप व लाल, तापलेला, हलवता न येणारा गुडघा ही त्याच दिवशी पाठवण्याची अवस्था आहे.

किशोरवयीनांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. वाढीच्या वयात धावणाऱ्या मुलाच्या वाटीखालील उंचवट्यावर दुखत असेल तर ती बहुतेक वेळा वाढत्या हाडावरील ताणाची दुखी असते व खेळ कमी करून बरी होते. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा खुबाही हलवून पाहावा. खुब्याचा आजार गुडघ्यात दुखतो. आणि दुखापतीच्या मानाने वेदना फारच लांबली, रात्री झोपेतून उठवू लागली, गुडघ्याच्या वर वा खाली हाडालाच टणक सूज हाताला लागली, तर एक दिवसही न दवडता चित्र काढावे. दहा ते वीस वर्षे वयात हाडाचा कर्करोग बहुतांशी गुडघ्याजवळच होतो आणि 'खेळताना लागले होते' एवढ्या एका वाक्याआड तो महिनोन् महिने दडून राहतो. आमच्या सर्व व्यवसायकाळात असा एकच मुलगा पाहण्यात आला. त्याच्या आईने तीन गावांत तेल चोळून घेतले होते.

औषधी आणि दुकानाचा गल्ला

औषधांविषयी मतभेद फारसे नसावेत. लाख, अस्थिसंहार, अर्जुन, अश्वगंधा, नागबला आणि सर्वांइतका गुग्गुळ अशी रचना असलेला लाक्षादि गुग्गुळ आम्ही दुधाबरोबर चार ते सहा आठवडे देतो. सूज व आमाची लक्षणे असतील तर आरंभी बाभूळ, त्रिफळा व त्रिकटू यांचा आभा गुग्गुळ. दूध, तूप, भात, मुगाचे वा वाटाण्याचे कढण हा भग्नातील आहार आपल्याकडील मुलांना परवडतो. खारट, आंबट, तिखट व क्षार यांचा निषेध पाळवणे मात्र तिखटाशिवाय घास न उतरणाऱ्या या मुलखात कठीण. कोमट तेलाचा हलका अभ्यंग, निरगुडीचा स्वेद, जानुबस्ती या सर्वांना जागा आहे. पण सूज व उष्णता उतरल्यावर, साधारण पहिला आठवडा उलटल्यावर.

औषधी विक्रेत्या मित्रांना तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली गुग्गुळाची. गुग्गुळाचे झुडूप आता अतिसंकटग्रस्त वनस्पतींत गणले जाते. स्वस्त गुग्गुळात इतर झाडांचे डिंक मिसळलेले असण्याची शक्यता तितकीच वाढली आहे. खरेदी विश्वासू ठिकाणाहून व चाचणीपत्र मागूनच करावी.

दुसरी गोष्ट वेदनाशामकांची. धावण्याच्या चाचणीच्या आदल्या रात्री डायक्लोफेनॅकची गोळी किंवा 'ताकदीचे' इंजेक्शन मागणारे उमेदवार येतात. डायक्लोफेनॅक व डेक्सामेथाझोन ही चिठ्ठीशिवाय विकावयाची औषधे नव्हेत, हा कायद्याचा भाग झाला. वेदना ही त्या गुडघ्याची राखणदार असते. तिला झोपवून सोळाशे मीटर धावणाऱ्याचा गुडघा कोणत्या अवस्थेत परत येतो, ते नंतर आपल्यालाच पाहावे लागते.

तिसरी गोष्ट थेट आपल्या शास्त्राशी निगडित असून ती फारशी कोणास ठाऊक नाही. कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे द्रव्य जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, यादीत स्पर्धाकाळासाठी प्रतिबंधित आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये किर्गिझस्तानचा भारोत्तोलक इझ्झात आर्तिकोव याचे कांस्यपदक याच द्रव्यामुळे काढून घेतले गेले. विषतिंदुक वटी आणि अग्नितुंडी वटी या दोन्हींत कुचला आहे. गुडघादुखीवर वातघ्न म्हणून आणि भूक लागावी म्हणून या गोळ्या आपण सहज देतो. राज्य वा राष्ट्रीय स्पर्धेत खेळणाऱ्या मुलास त्या देऊ नयेत; पचनासाठी कुचलाविरहित पर्याय आपल्यापाशी भरपूर आहेत. कुचला अनुसूची ई(१) मध्ये असल्याने वैद्याच्या देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर असतेच. गल्ल्यावर ती वाचून दाखवावी. स्टेरॉइडचे इंजेक्शनही, अगदी सांध्यात दिलेलेसुद्धा, १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात प्रतिबंधित आहे.

मातीचा गोळा, मीठ, दगड

आमच्या मते या विषयाचा गाभा येथे आहे आणि आपण नेमके हेच सोडून देतो. तळहाताच्या भग्नाची चिकित्सा सांगताना सुश्रुताचार्य लिहितात की, बरा होत आलेल्या हातात आधी मातीचा गोळा धरवावा, नंतर मीठ, आणि हातात बळ आल्यावर दगड. बळ टप्प्याटप्प्याने परत आणण्याचा नियम याहून थोडक्यात कोठे सांगितलेला आम्ही वाचला नाही. तो हाताचा आहे. गुडघ्याला लावण्यास मात्र कोणतीच अडचण नसावी.

सांधा स्थिर होण्यास लहान वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उतारवयात तिप्पट काळ लागतो, हेही तेथेच आहे. वेदना दोन आठवड्यांत जाते. या दोन कालखंडांमधील जी पोकळी आहे, तिच्यात आमचा तो तरुण पुन्हा मैदानात उतरला.

दुखऱ्या गुडघ्याची मांडी किती लवकर वाळते, हे मोजल्याशिवाय खरे वाटत नाही. वाटीच्या वरच्या कडेपासून पंधरा सेंटिमीटरवर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर शिंप्याच्या टेपने मोजावा व चिठ्ठीवर लिहावा. तीन आठवड्यांत एक-दीड सेंटिमीटरचा फरक पडलेला आम्ही अनेकदा पाहिला आहे. वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू आधी जातो आणि शेवटी परत येतो.

मातीचा गोळा म्हणजे पहिल्या आठवड्यापासून करावयाचा व्यायाम : गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती मांडीच्या जोराने खाली दाबणे, दहा अंक मोजेपर्यंत धरणे, सोडणे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाठीवर झोपून पाय सरळ ठेवून हातभर उचलणे. यात सांधा फारसा हलत नाही, म्हणून भीती नाही. मीठ म्हणजे सूज गेल्यानंतरची पायरी : भिंतीला पाठ टेकून अर्ध्यापर्यंत बसणे, ओट्याच्या एका पायरीवर चढणे-उतरणे, सायकल. तेल्हाऱ्यात सायकल अजून घरोघर आहे, हे आमचे भाग्य. दगड म्हणजे धावणे, वळणे, उडी आणि शेवटी कबड्डीची पकड. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा पाहावा. सूज आली असेल तर एक पायरी खाली यावे.

खेळायला केव्हा सोडावे, यासाठी आम्ही तारीख देणे बंद केले आहे. दुखऱ्या पायावर एकट्याने मारलेली लंगडीची उडी चांगल्या पायाच्या उडीच्या नऊ दशांश तरी भरली पाहिजे, मांडीचा घेर जवळपास बरोबर आला पाहिजे, आणि पूर्ण उकिडवे बसताना वेदना नसली पाहिजे. चिकित्सालयाच्या अंगणात खडूने रेघ आखून ही उडी आम्ही मोजतो. मुलांना हे आवडते, चढाओढ लागते. तोंडी सल्ला विसरणारा मुलगा स्वतःच्या उडीचा आकडा विसरत नाही.

त्या तरुणाची शस्त्रक्रिया झाली, पण पोलीस भरतीची त्याची वयोमर्यादा तोवर निघून गेली. आज तो शेती व दुधाचा व्यवसाय करतो. गेल्या हिवाळ्यात तो आपल्या पंधरा वर्षांच्या पुतण्याला घेऊन आला. "डॉक्टरसाहेब, सरळ चालते तं काही नाही, पण वळला का दुखते म्हणते," असे म्हणून तो बाजूला बसला. सूज दुसऱ्या दिवशी आली होती, आवाज झाला नव्हता, लॅकमन परीक्षेत दोन्ही गुडघे सारखेच होते. गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या बंधाला ताण बसला होता, एवढेच. बंध, लेप, लाक्षादि गुग्गुळ आणि टॉवेलची गुंडाळी. तिसऱ्या आठवड्यात वेदना नव्हती, पण उडी चांगल्या पायाच्या तीन चतुर्थांशच भरली व मांडी एक सेंटिमीटरने कमी होती. रविवारी सामना होता. मुलगा रडवेला होऊन काकांकडे पाहू लागला. काकांनी आमच्या हातातील टेप घेऊन पुन्हा एकदा स्वतः मोजले, आकडा पाहिला, आणि पुतण्याला म्हणाले, "चाल, सामना पाहायले जाऊ."